त्यांनी म्हणजे कुणी

जबडा बांधलेल्या बाईशी लोक मोठ्यानं बोलतात. कान शाबूत असतात, डोकं शाबूत असतं, पण तोंड बंद दिसलं की समोरचा माणूस ओरडून बोलतो, न्हाईतर तान्ह्या लेकराशी बोलावं तसं बोलतो. मंग थोड्या दिवसांनी तोही कंटाळतो आणि तुमच्यादेखत तुमच्याबद्दल बोलाय लागतो. ह्याची सवय करून घ्यावी लागते. राग आला तरी दातओठ खाता येत न्हाईत, कारण दात तारेनं बांधलेले असतात.

मी कौसा. परतूरच्या पलीकडं, बैलगाडीच्या वाटेवरल्या एका खेड्यात मला दिल्तं. आता मी जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया हाय. ज्या फरशीवरून रोज फडकं फिरवते, त्याच फरशीवर खिडकीकडं माझी खाट होती. मी तोंडानं सांगते आणि शाळेच्या मास्तरीणबाई लिहून घेतात. त्या मधीच माझं 'न्हाई' खोडून 'नाही' करतात. मी म्हणलं, बाई, लई भोगून हे तोंड उघडलंय, जसं निघतं तसं लिहा.

ह्या वॉर्डात हात मोडलेल्या, दात पडलेल्या, तोंड सुजलेल्या बाया येत राहतात. त्यांच्यासाठी सांगते. औषधाचं डॉक्टरीणबाई सांगतील, बाकीचं माझ्याकडून ऐका.

सूप

भांडण सुपावरून झालं. गावाबाहेर माळावर पालं ठोकून टोपल्या-सुपं विणणारे लोक उतरले होते. आम्ही त्यांना पालवाले म्हणायचो. त्यातली गंगी नावाची बाई दारावर आली. आमचं जुनं सूप पार झिजलं होतं, दाणे खालून गळायचे. मी तिच्या पदरात जोंधळे घातले आणि नवं सूप घेतलं. चांगलं घट्ट विणीचं सूप होतं, मला लई आवडलं होतं.

नवरा शेतातून आला आणि सुपाकडं बघत उभा राहिला. त्याला विचारल्याबिगर घरचं धान्य दारावरच्या बाईला कसं दिलं, एवढंच. आधी सूप अंगणात गेलं. मंग त्याच्या हाताला शिवळ लागली. जुवाला बैलाच्या मानेजवळ लाकडाची दांडी असते, तिला शिवळ म्हणतात. ह्याच्या आधी मारलं न्हाई असं न्हाई. पण आधी पाठ असायची, दंड असायचे, लुगड्यात झाकतील अशा जागा असायच्या. त्या दिवशी मी खाली न बघता त्याच्याकडं बघितलं, म्हणून तोंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला बाहेरून आला न्हाई, डोक्याच्या आतून आला.

सासूनं हळद भरली. धाकट्या दिरानं डोक्यावरून हनुवटीखालून फडकं बांधलं. नवरा बैलांना पाणी पाजायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोंड भोपळ्याएवढं झालं, ताप चढला आणि मी बरळाय लागले, तेव्हा कुणीतरी पाटलांना बोलावलं. पाटील मला बघून घाबरले न्हाईत, मी मेल्यावर काय होईल त्याला घाबरले. सासूला म्हणाले, "हितं मेली तर ठाणं माझ्या दारात येऊन बसंल. जालन्याला न्या हिला, जल्दी न्या." त्यांच्या त्या भीतीनं माझा जीव वाचला. कशानं का होईना, वाचले.

परतूरच्या टेसनावर बाया गोळा झाल्या. काय झालं, काय झालं. सासू म्हणाली, "लागलं." आपल्या बोलीतला हा लई सोयीचा शब्द हाय. उंबरा लागतो, दार लागतं, बैलाचं शिंग लागतं. लागलं म्हणलं की कुणी लावलं ते कुणी विचारत न्हाई. बाया चुकचुकल्या, एकीनं लिंबू दिलं, आणि आमची गाडी आली.

त्यांनी

डॉक्टरीणबाई विलायतेच्या. मराठी त्या पुस्तकावरून शिकल्या होत्या, त्यामुळं बोलायच्या ते आमच्यापेक्षा शुद्ध. सासू 'लागलं' म्हणाली ते त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून वाकून विचारलं, "हे कोणी केले?"

कोणी केले. लग्न झाल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. जबडा लटकत होता, तरी जीभ कशीबशी वळवून मी म्हणलं, "त्यांनी."

आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, 'त्यांनी' म्हणजे कुणी. नवऱ्यानं. दुसरा अर्थच न्हाई. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. ते, हे, त्यांनी, घरचे, असं म्हणायचं. एकटा माणूस असला तरी दहाजणांचा मान द्यायचा, आणि त्यानं मारलं तरी 'त्यांनी मारलं' असंच म्हणायचं. नाव तर सोडाच, नावाशी जुळणारा शब्दसुद्धा तोंडात आणायचा न्हाई. अंगणातल्या तुळशीला मी कधी तुळस म्हणले न्हाई, 'वृंदा' म्हणायची, कारण नवऱ्याच्या नावात ते झाड होतं. घेतलं नाव तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मला आईनं शिकवलं आणि आईला तिच्या आईनं.

डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकात मात्र 'त्यांनी' म्हणजे पुष्कळजण. त्यांच्या भुवया वर गेल्या. "ते किती लोक होते?" त्यांनी विचारलं. मला त्यांचं बोलणंच उमगलं न्हाई. दारात उभ्या असलेल्या दिराला मात्र बराबर उमगलं.

"चार-पाच होते, बाईसाहेब," तो म्हणाला. "माळावरचे पालवाले. धान्य मागायला आल्ते. हिनं न्हाई म्हणलं म्हणून मारलं." मी मान हलवायच्या आत नाकावर औषधाचं फडकं आलं आणि माझी शुद्ध गेली.

वॉर्डातलं जगणं

शुद्धीवर आले तेव्हा वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना जखडले होते आणि डोक्याभोवती पट्ट्या होत्या. उशाच्या खिळ्याला एक छोटी पक्कड टांगली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, कधी उलटी आली तर कुणीतरी धावत येऊन ह्या पकडीनं तार कापायची, न्हाईतर गुदमरशील. झालं. त्या दिवसापासून मला उलटीची जी भीती बसली ती दुखण्याचीसुद्धा नव्हती. पोटात जरा गुडगुडलं तरी मी पकडीकडं बघायची.

कुणाला असा प्रसंग आला तर हे ध्यानात ठेवा. पेज फडक्यातून गाळूनच प्यायची, एवढीशी गाठसुद्धा घशात न जाता दातांमागं अडकून राहते. हुलग्याचं माडगं चांगलं, त्यानं अंगात ताकद येते. शिवळीनं माझा बाजूचा एक दात पाडला होता, त्या फटीत चोचीच्या पेल्याची चोच बराबर बसायची. म्हणजे नवऱ्यानं मारलं पण जेवायला दार ठेवलं, असं मी नंतर म्हणायची आणि वॉर्डातल्या बाया हसायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे जांभई. जांभई कुणाच्या हातात नसते, आणि ती आली की कानापर्यंत कळ जायची.

सकाळी फिनेलचा वास, मंग प्रार्थना, मंग पट्ट्या, मंग पेज. दुपारी सासू माझ्या खाटेशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पालवाल्यांची गोष्ट सांगायची. मी झोपेत असले की सांगायची, म्हणून मला बरेच दिवस पत्ता नव्हता. मला वाटायचं, दिराचं ते बोलणं तिथंच विरलं, ही अजून 'लागलं'च म्हणत असंल.

शेजारच्या खाटेवर जैनबी होती, जालन्याच्या बाजारात बांगड्या भरणारी म्हातारी. पायाला मोठं गळू झालं होतं, पण जिभेला काही झालं नव्हतं. "तू चुप, तो मैं दोनों का बोलती," असं म्हणून ती दिवसभर बोलायची. एकदा सासू नळावर गेलेली बघून ती माझ्याकडं वळली. "बेटा, मैं बांगड्यांवाली. रोज औरतों के हाथ पकडती. मेरे कू मत बता पालवाले. मरद ने मारा ना?"

मी डोळे मिटून घेतले. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. मला त्या हाताचं लई बरं वाटलं. पण पालवाल्यांचं ती काय बोलली, ते माझ्या डोक्यात अडकलं.

गंगी

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीबाहेर लिंबाच्या झाडाखाली एक बाई येऊन बसली. मी ओळखलं. सूप देणारी गंगी. दवाखान्याच्या गड्यांनी हाकलली की उठायची आणि पुन्हा येऊन बसायची. सासू घरच्या कामासाठी गावाकडं गेली तेव्हा ती खिडकीशी आली आणि गजाला धरून उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "तुझ्या दिरानं वर्दी दिली, बाकीचे गडी पळाले, माझा धनी ठाण्यात हाय. तुला त्यानं मारलं म्हणतात. तू सांगितलंस म्हणतात. 'त्यांनी मारलं' असं म्हणलीस म्हणं तू. सांग की, माझ्या धन्यानं तुला हात लावला का?"

मी जोरजोरात मान हलवली. डोक्यात घण बसले तरी हलवत राहिले.

"मानेनं सांगून काय करू?" गंगी म्हणाली. "मानेचं कोण ऐकतंय? पालं उधळली आमची. लेकरं वाटंवर हायेत. त्याला रोज मारून राह्यलेत तिथं, कबूल हो म्हणून."

मी उठून बसले. माझ्या एका 'त्यांनी'वर हे सगळं रचलं होतं, आणि मी इकडं पेज पीत पडले होते. खरं सांगते, शिवळ बसली तेव्हा मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. राग त्या दिवशी आला. जैनबीनं गंगीला हाक मारून सांगितलं, "जा बाई, ठाणेवाले को इधर बुला. ये बोलेगी. मुंह बंद है तो क्या हुआ, बोलेगी." माझ्या वतीनं तिनं शब्द देऊन टाकला.

तुळशीचं पान

ठाण्याचे मोठे साहेब आले. आमच्याकडं त्यांना अमीन म्हणायचे. डॉक्टरीणबाई सोबत होत्या. दुर्दैव असं, त्याच दिवशी सासू आणि दीर गावाहून परत आल्ते आणि खाटेशी उभे होते.

"बोलो, किसने मारा?" अमीन म्हणाले. "पालवालों ने?"

मी मान हलवली.

"साहेब, वात झालाय तिला," सासू म्हणाली. "मान हलतीच तिची सारखी."

आता नाव घेतल्याबिगर गत्यंतर नव्हतं. मी नवऱ्याचं नाव मनातसुद्धा कधी घेतलं नव्हतं. दातांच्या आत जीभ जेवढी वळेल तेवढी वळवली आणि जोर लावला. "तुळशी" एवढं कसंबसं निघालं आणि पुढचं सगळं तारेत अडकलं.

सासूचं तोंड एकदम पांढरं पडलं. पण ती बाई कच्ची नव्हती. तिनं तिथल्या तिथं पदर डोळ्याला लावला. "तुळस मागती गं माझी सून. जाणार असं वाटतंय तिला. तोंडात तुळशीचं पान घाला म्हणती."

बघता बघता वॉर्डात रडारड सुरू झाली. समोरच्या खाटेवरची म्हातारी राम राम म्हणाय लागली. दीर धावत गेला आणि कुठून तरी पान घेऊन आला. अमीन साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. सासूनं माझ्या पडलेल्या दाताच्या फटीतून ते पान आत सारलं आणि वरून पाण्याचे थेंब सोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याचं नाव घेतलं, तर लोकांनी माझ्या मरणाची तयारी केली.

मी जिभेनं पान बाहेर ढकललं. सासूनं पुन्हा आत घातलं. मी पुन्हा ढकललं. जैनबी एकटी हसाय लागली, आणि तिला बघून मलाही हसू आलं. हसताना तारा हिरडीत रुतल्या आणि ओठावर रक्त आलं, तेव्हा अमीन घाबरून मागं सरले. "मुंह खुलेगा तब आऊंगा," म्हणाले आणि गेले. तोंड उघडायला अजून महिना होता. तोवर गंगीचा माणूस आतच राहणार होता.

पक्कड

सासू आणि दीर बाहेर जेवायला गेले तेव्हा जैनबीनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली.

"बाईसाब, ये 'त्यांनी' बोली थी ना, वो एक आदमी है," ती म्हणाली. "एकच. अपने यहां मरद का नाम नहीं लेते जी. मैं भी 'उन्होंने' बोलती. मेरे कू क्या पांच मरद हैं?"

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एक?" मी एक बोट वर केलं. मंग त्याच बोटानं गळ्यातलं डोरलं दाखवलं. त्यांचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

अमीन दुसऱ्याच्या तोंडचं ऐकणार नव्हते, त्यांना माझंच तोंड उघडं पाहिजे होतं, म्हणून मी खिळ्यावरची पक्कड काढली आणि बाईंपुढं धरली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हाड अजून सांधलेले नाही. आता तार काढली तर जबडा वाकडा बसेल. पुन्हा बांधला तरी वाकडाच राहील. चेहरा पूर्वीसारखा होणार नाही. समजले?"

मला समजलं होतं. मी काही फार धीराची होते असं न्हाई. चेहऱ्याचं मला वाईट वाटलंच. बाईला चेहऱ्याचं वाईट वाटतं, त्यात लाजायचं काय? पण त्याहून जास्त भ्या मला नावाचं वाटत होतं. दातांत अडकलेलं अर्धं नाव वेगळं आणि चारचौघांत मोकळ्या तोंडानं घेतलेलं पुरं नाव वेगळं. खरंच तो मेला तर? ज्यानं माझं हाड मोडलं त्याच्या आयुष्याची काळजी मी दोन दिवस करत बसले, एवढं ते शिकवणं आत मुरलेलं होतं. त्या दोन दिवसांत गंगी झाडाखालून हलली न्हाई. दुसऱ्या दिवशी मी पक्कड पुन्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

नाव

अमीनांना निरोप गेला. ते आले, सासू आली, दीर आला. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर पट्ट्या सोडल्या आणि एकेक तार कापली. जबडा सुटला तसा खाली पडाय लागला. त्यांनी आपल्या तळहातावर माझी हनुवटी धरली. "बोल," म्हणाल्या.

"तुळशीरामनं मारलं," मी म्हणलं. "माझा नवरा. एकटा होता. पालवाल्यांनी मला हातसुद्धा लावला न्हाई."

आवाज घोगरा होता, लाळ गळत होती, पण सगळ्यांना कळलं. सासू मटकन खाली बसली.

"नाव घेतलं," ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव घेतलं गं हिनं."

पान तोंडात घातलं तेव्हा रडणाऱ्या बायांनी माना फिरवल्या. राम राम म्हणणारी म्हातारी भिंतीकडं तोंड करून निजली. जबडा फुटला होता त्याचं कुणाला काही न्हाई, नाव फुटलं त्याचं सगळ्यांना.

अमीन साहेबांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला. "शौहर?" ते म्हणाले. "फिर तो मियां-बीवी का मामला है. इसमें सरकार क्या करे?" डॉक्टरीणबाई त्यांच्याशी इंग्रजीत, मंग मराठीत, मंग हातवारे करून भांडल्या, पण काही उपयोग झाला न्हाई. मारणारे पाच होते तोवर तो गुन्हा होता. एक निघाला, आणि तोही माझाच निघाला, तर घरचा मामला झाला. मला त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण गंगीचा माणूस सुटणार होता, आणि मला त्या दिवशी तेवढंच हातात घ्यायचं होतं.

तो सुटला. दोघं मिळून खिडकीशी आले. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. त्यानं हात जोडले. गंगी म्हणाली, "मी बी ह्याचं नाव घेत न्हाई, बाई. मला न्हाई जमायचं." मंग तिनं त्याच्याकडं बोट केलं. "पण तू घेतलंस म्हणून हा हितं उभा हाय."

माझा जबडा पुन्हा बांधला. तो वाकडाच बसला.

चुकले म्हण

तारा निघाल्या तेव्हा माझे वडील आले. मी त्यांना आबा म्हणते. सोबत जातीचे पंच होते, आणि त्यांच्या मागं नवरा. दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली सगळे बसले. पंचांचं म्हणणं असं, की बाईनं पोलिसापुढं, परक्या लोकांत नवऱ्याचं नाव घेतलं. ही लई मोठी चूक झाली. तिनं प्रायश्चित्त घ्यावं, सगळ्यांपुढं 'चुकले' म्हणावं, मंग तुळशीराम तिला नांदवायला तयार हाय.

"कौसे, एवढं म्हण माय," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "एक शब्द हाय. तुला घर परत मिळंल. माझ्या घरी तुझ्या दोन बहिणी उजवायच्या हायेत, तुला कुठं ठेवू?"

आबांचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. ते वाईट माणूस नव्हते. मी पंचांना विचारलं, "अन् जबडा फोडला त्याचं प्रायश्चित्त?"

"तो इषय आत्ता न्हाई," थोरले पंच म्हणाले.

मी नवऱ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच बघत होते. दाढी केली होती, धुतलेलं धोतर होतं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "गावात लोकं मला हसून राह्यलेत. बायकोनं नाव घेतलं म्हणून."

एवढंच त्याला सांगायचं होतं. मी लाळ पुसली, म्हणजे शब्द नीट निघावेत.

"तुळशीराम," मी म्हणलं, "माझा जबडा तू फोडलास."

तू म्हणलं. नाव घेतल्यापेक्षा त्या 'तू'नं जास्त घाव बसला. पंच धोतरं झटकत उठले. ही बाई नांदायची न्हाई, असं थोरले म्हणाले, आणि मी म्हणलं, बराबर हाय. आबा शेवटी उठले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली, माझ्या खाटेवर ठेवली आणि पंचांच्या मागं चालू लागले. त्या थंडीत ते घोंगडीबिगर गावी गेले. मी लई रडले. पण परत हाक मारली न्हाई.

डॉक्टरीणबाईंनी मला झाडू दिला आणि राहायला खोली दिली. पहिलं वर्ष लोक माझ्या तोंडाकडं बघून वाट बदलायचे. "नाव घेणारी" म्हणायचे. मी म्हणायची, हौ, तीच मी.

मागच्या महिन्यात

तुळशीरामनं दुसरी केली, हे मला कळलं होतं. तो मेला न्हाई. मी रोज त्याचं नाव घेते आणि तो धडधाकट हाय, हे नाव घ्यायला भिणाऱ्या बायांना मी आवर्जून सांगते.

मागच्या महिन्यात सकाळची फरशी पुसत होते, तर दारातून एक पोरगी आत आली. कोपरापासून हात लोंबत होता, ओठ फाटला होता. तिला धरून माझी सासू आली होती. केस पार पिकले होते. दीर सोबत नव्हता, गावचं दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी एकटीच गाडी धरून तिला घेऊन आल्ती. तिनं मला बघितलं आणि जागीच थबकली.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचा चेहरा हातात धरला. "हे कोणी केले?"

"त्यांनी," पोरगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी फडकं बादलीत टाकलं आणि पुढं झाले. त्यांनी म्हणजे कुणी, हे मी विचारणार, तेवढ्यात सासूच बोलली. आईला लेकाचं नाव घ्यायला कधीच कुणाची आडकाठी नसते. तिला ते पहिल्या दिवशीसुद्धा घेता आलं असतं.

"तुळशीरामनं," ती म्हणाली. "माझ्या लेकानं मारलं. हिला बी, अन् त्या कौसाला बी."

मी तिला बसायला स्टूल दिलं.